समुपदेशकाची सनद : कोणाच्या रक्षणासाठी?

वकिलाला न्यायालयात उभे राहण्यासाठी सनद लागते. डॉक्टरला नोंदणी क्रमांक लागतो. औषधाच्या दुकानात फार्मासिस्टचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले असावे लागते. प्रवासी गाडी चालवणाऱ्याला बिल्ला लागतो. मग खचलेल्या माणसाला समोर बसवून, त्याच्या घरातील गुपिते ऐकून, त्याने संसार मोडावा की जोडावा, शिक्षण सोडावे की धरून ठेवावे, अशा प्रश्नांत सल्ला देणाऱ्या समुपदेशकाला काय लागते? या प्रश्नाचे सरळ उत्तर आपल्या देशात अनेक वर्षे नव्हते, आणि आजही ते पूर्ण झालेले नाही. प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाचा कायद्याच्या अंगाने विचार करणार आहोत. सभासद बंधू-भगिनींना आणि विशेषतः मानसशास्त्र व समाजकार्य शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना त्याचा उपयोग व्हावा, हा हेतू आहे.

१. शब्दांचा अर्थ आधी समजून घेऊ

मनाच्या आजारांवर काम करणाऱ्या सर्वांना आपण सरसकट 'मानसोपचारवाले' म्हणतो. तथापि त्यांची कामे वेगळी आहेत आणि त्यांचे कायदेही वेगळे आहेत.

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे ज्यांना आपण सायकियाट्रिस्ट म्हणतो ते. हे प्रथम डॉक्टर असतात आणि नंतर त्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतात. या क्षेत्रात औषध लिहून देण्याचा अधिकार अशा नोंदणीकृत डॉक्टरांचाच आहे.

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, हे डॉक्टर नसतात. मानसशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणानंतर मान्यताप्राप्त संस्थेत रुग्णांबरोबर प्रत्यक्ष काम करून त्यांचे प्रशिक्षण होते. ते चाचण्या घेतात, निदानास मदत करतात आणि बोलण्यातून उपचार करतात.

मनोविकार सामाजिक कार्यकर्ते हे समाजकार्याच्या शिक्षणातून आलेले असतात. रुग्णाचे घर, रोजगार, शेजार आणि सरकारी योजना यांच्याशी उपचाराची सांगड घालणे हे त्यांचे काम होय. मानसिक आरोग्य परिचारिका या रुग्णालयातील चौथा आधार आहेत.

आणि शेवटी समुपदेशक. आजार अजून जडलेला नाही पण ताण आहे, दुःख आहे, निर्णय सुचत नाही, अशा माणसाला ऐकून घेऊन त्याचा मार्ग त्यालाच शोधण्यास मदत करणारा तो समुपदेशक. शाळेत, कौटुंबिक न्यायालयात, ग्रामीण रुग्णालयातील एच.आय.व्ही. तपासणी केंद्रात, किशोरवयीन मुलामुलींच्या 'मैत्री' क्लिनिकमध्ये, व्यसनमुक्ती केंद्रात असे समुपदेशक असतात. सामान्य माणसाची पहिली गाठ बहुधा यांच्याशीच पडते. असे असूनही कायद्याने सर्वांत शेवटी विचार केला तो यांचाच.

२. घटनेतील आधार

कोणताही व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य भारतीय घटनेच्या कलम १९ (१) (छ) ने प्रत्येक नागरिकाला दिले आहे. ज्या समाजाला शतकानुशतके जन्मावरून व्यवसाय नेमून दिला गेला, त्या समाजाला या कलमाचे मोल वेगळे सांगावयास नको. परंतु त्याच कलमाच्या सहाव्या खंडात, व्यवसायासाठी आवश्यक अशी व्यावसायिक वा तांत्रिक अर्हता ठरवण्याचा अधिकार शासनाला दिलेला आहे. समवर्ती सूचीतील २६ व्या नोंदीत विधी, वैद्यकीय व इतर व्यवसाय यांचा समावेश आहे. म्हणजेच केंद्र आणि राज्य दोघेही या विषयावर कायदा करू शकतात.

या दोन तरतुदी एकत्र वाचल्या म्हणजे घटनेची दृष्टी कळते. व्यवसायाचे दार जातीने बंद होता कामा नये. पण पात्रतेची अट असू शकते, आणि ती अट लोकांच्या हितासाठीच असली पाहिजे. सनदेचा कोणताही नियम आपण या दोन कसोट्यांवर तपासावा. तो नियम दुबळ्या माणसाचे रक्षण करतो काय? आणि तो नियम दुबळ्या माणसाच्या मुलाला त्या व्यवसायात शिरू देतो काय? पुढील सर्व विवेचन या दोन प्रश्नांभोवती आहे.

३. तीन कायदे, तीन नोंदी

या क्षेत्राला लागू होणारे तीन प्रमुख कायदे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावेत.

पहिला, भारतीय पुनर्वास परिषद कायदा, १९९२. हा कायदा मुळात अपंग व्यक्तींच्या पुनर्वसनाचे काम करणाऱ्यांसाठी झाला. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, पुनर्वसन समुपदेशक, व्यवसाय समुपदेशक अशांची नावे केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत घातली जातात. नोंदणी नसताना पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा या कायद्यात आहे.

दुसरा, मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७. हा २०१८ मध्ये अंमलात आला आणि त्याने १९८७ च्या जुन्या कायद्याची जागा घेतली. त्यापूर्वी १९१२ चा इंग्रजांचा 'ल्युनसी ॲक्ट' होता. १९१२ च्या कायद्याला रुग्ण कोंडून ठेवायचा होता. २०१७ च्या कायद्याने रुग्णाला हक्क दिले. उपचार मिळण्याचा हक्क, गोपनीयतेचा हक्क, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क, आणि आपल्यावर कसे उपचार व्हावेत हे आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्क यात आहे. रुग्णाला साखळीने बांधण्यास या कायद्याने मनाई केली. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मानसिक आरोग्य परिचारिका आणि मनोविकार सामाजिक कार्यकर्ते यांची नोंदणी करण्याचे काम सोपवले आहे. या यादीत साधा समुपदेशक नाही, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे.

तिसरा, राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा, २०२१. फिजिओथेरपीपासून प्रयोगशाळा तंत्रज्ञांपर्यंत दहा गटांतील व्यवसाय या कायद्याखाली आणले आहेत. त्यातील एक गट वर्तन-आरोग्याचा असून, त्यात मानसशास्त्रज्ञ, वर्तन विश्लेषक, आरोग्य शिक्षक व आजारविषयक समुपदेशक, वैद्यकीय व मनोविकार सामाजिक कार्यकर्ते, एच.आय.व्ही. व कुटुंबनियोजन समुपदेशक, मानसिक आरोग्य साहाय्यक यांची नावे आहेत. समुपदेशनाच्या काही कामांना देशाच्या कायद्यात आरोग्यसेवेचा व्यवसाय म्हणून स्थान मिळाले, ही या कायद्याची मोठी गोष्ट होय. केंद्रात आयोग, राज्यात परिषद, आणि दोन्हीकडे नोंदवही, अशी त्याची रचना आहे. या कायद्यानुसार संलग्न आरोग्य व्यावसायिकाच्या शिक्षणाला किमान २,००० तास, तर आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या शिक्षणाला किमान ३,६०० तास हवेत.

तथापि कायदा होणे आणि नोंदवही उघडणे यात अंतर पडते. राज्य परिषदा, नियम, अभ्यासक्रम यांना वेळ लागत गेला. इतका की ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र व राज्यांना अंमलबजावणी करण्यास सांगावे लागले.

४. उरलेली फट

तीन कायदे असूनही फट उरतेच. विवाह समुपदेशक, शालेय समुपदेशक, करिअर समुपदेशक, 'लाइफ कोच' हे शब्द २०२१ च्या यादीत नाहीत. साधी 'समुपदेशक' ही पाटी कोणत्याही एका कायद्याने राखून ठेवलेली नाही. तुलना करून पाहा. नोंदणी नसताना वैद्यकी करणाऱ्यास २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यानुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण चार रविवारांचा वर्ग करून, प्रमाणपत्र चौकटीत लावून, 'समुपदेशन केंद्र' उघडणाऱ्यास विचारणारे कोणी नसते.

यावर कोणी म्हणेल की नुसते बोलण्याने काय बिघडणार? बिघडते. त्याचे तीन प्रकार आहेत.

एक, वेळ वाया जातो. तीव्र नैराश्य, स्किझोफ्रेनिया यांसारख्या आजारात औषधाची गरज असते. ती खूण न ओळखणारा माणूस महिनोन्‌महिने गोड बोलत राहिला तर आजार वाढतो, आणि कधी जीवही जातो.

दोन, गुपित फुटते. २०१७ च्या कायद्याने आरोग्य व्यावसायिकावर गोपनीयतेचे बंधन घातले आहे. जो कोणत्याच नोंदवहीत नाही, त्याला हे बंधन कोण दाखवणार? लहान गावात एका मुलीची गोष्ट बाहेर पडली तर तिचे शिक्षण थांबते, हे आपण जाणतो.

तीन, दाद कोठे मागायची ते कळत नाही. डॉक्टरविरुद्ध वैद्यकीय परिषदेकडे जाता येते, वकिलाविरुद्ध महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे जाता येते. समुपदेशकाविरुद्ध फार तर ग्राहक आयोगाकडे, किंवा फसवणूक असेल तर पोलिसांकडे. नोंदवहीतून नाव कमी करण्याची शिक्षा तेथे नाही, कारण मुळात नाव कोठेच नाही.

श्रीमंत माणूस पुण्या-मुंबईला जातो, चार ठिकाणी चौकशी करतो, इंग्रजीतील पदव्या वाचतो. गरीब माणूस जवळची पाटी पाहतो आणि आत जातो. म्हणून आमचे म्हणणे असे की नोंदवहीची सर्वाधिक गरज गरिबालाच आहे.

५. आपल्या परिसराचा विचार

शिर्डी हे देशभरातून माणसे येणारे गाव. येथील तरुण हॉटेलात, फुला-प्रसादाच्या दुकानांत, वाहनांवर काम करतात. गर्दी असेल तर रोजगार, नसेल तर नाही. मार्च २०२० मध्ये मंदिर बंद झाले ते नोव्हेंबरात उघडले. त्या आठ महिन्यांत रोजगार गमावलेल्या घरांतील चिंता, व्यसन आणि भांडणे यांची वेगळी नोंद कोणी ठेवलेली नाही, पण ज्यांनी ती सोसली त्यांना ती आठवते.

येणाऱ्यांत मानसिक आजाराने त्रस्त माणसाला सोबत घेऊन येणारी कुटुंबेही असतात. श्रद्धेने मनाला धीर मिळतो याविषयी वाद नाही. पण धीर आणि उपचार या दोन गोष्टी आहेत. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रयगृहास आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. त्यांना तेथे बरे होण्यासाठीच आणून ठेवले होते. त्या ठिकाणी कोण उपचार करतो, त्याची अर्हता काय, हे विचारणारी यंत्रणा असती तर असे घडले नसते.

महाराष्ट्रात हा प्रश्न अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने लावून धरला. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर त्याच वर्षी राज्याने जादूटोणाविरोधी कायदा केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळीने बांधणे हा आता गुन्हा असून सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. हा कायदा भोंदूला रोखतो. परंतु भोंदूला रोखल्यानंतर रुग्ण कोणाकडे जाणार? तेथे प्रशिक्षित माणूस उभा नसेल तर कायद्याचे अर्धेच काम झाले.

रस्त्यावर भटकणारा मनोरुग्ण दिसल्यास पोलिसांनी त्यास संरक्षणाखाली घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात न्यावे, असे २०१७ च्या कायद्याच्या कलम १०० मध्ये आहे. आपल्या जिल्ह्यात अशा निराधार स्त्रियांना घर देण्याचे काम शिंगवे नाईक येथे डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे यांच्या माउली सेवा प्रतिष्ठानने उभे केले आहे. कर्जत येथील श्रद्धा पुनर्वसन केंद्राचे डॉ. भरत वाटवानी यांना अशाच कार्यासाठी २०१८ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या जवळ लोणी येथे प्रवरा ग्रामीण रुग्णालय आहे, नगरला जिल्हा रुग्णालय आहे. आणि 'टेली मानस' ही शासनाची मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. हा क्रमांक प्रत्येकाने घरात लिहून ठेवावा.

६. दुसरी बाजू : दार किती अरुंद करावे?

येथवर वाचून वाटेल की कडक कायदा करावा आणि पदवी नसलेल्यांना बाहेर काढावे. पण एवढी घाई करून चालणार नाही.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यांची पाहणी झाली. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार होता, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचत नव्हता. देशात एक लाख लोकांमागे एकही मनोविकारतज्ज्ञ पूर्ण येत नाही. २०१९ मध्ये हे प्रमाण सुमारे ०.७५ मांडले गेले. अशा वेळी केवळ मोठ्या पदव्यांवर अवलंबून राहिल्यास खेड्यातील माणसापर्यंत कोणीच पोहोचणार नाही.

शेजारच्या गोव्यात 'संगाथ' या संस्थेने १९९६ पासून या प्रश्नावर काम केले. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या स्थानिक समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रातील नैराश्याच्या रुग्णांना मदत केली. सहा ते आठ भेटींच्या त्या पद्धतीने रुग्णांना लाभ होतो, हे शास्त्रीय चाचणीत दिसून आले. नाशिक जिल्ह्यात 'आत्मीयता' या उपक्रमाने गावातीलच स्त्री-पुरुषांना असे शिक्षण दिले. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून चालू आहे. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच तेथे समुपदेशक म्हणून उभी राहिली, आणि नव्याने आलेल्या रुग्णाला त्यांचा शब्द पटतो, कारण तो सोसून आलेला असतो.

या उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. पदवी हीच एकमेव पात्रता नव्हे. पण संगाथ असो वा मुक्तांगण, तेथे प्रशिक्षण आहे, वर देखरेख करणारा आहे, आणि आपल्या आवाक्याबाहेरचा रुग्ण पुढे पाठवण्याची शिस्त आहे. भोंदूकडे यांपैकी काहीही नसते. म्हणून नोंदवहीत एकच पायरी असू नये. वरच्या पायरीवर पूर्ण शिक्षण घेतलेले व्यावसायिक असावेत, खालच्या पायरीवर देखरेखीखाली काम करणारे साहाय्यक असावेत, आणि प्रत्येकाच्या पाटीवर तो कोणत्या पायरीवर आहे ते लिहिलेले असावे. २०२१ च्या कायद्यातील 'मानसिक आरोग्य साहाय्यक' या नावात अशी जागा आहे. ती नियमांत नीट भरली जाते की नाही, हे पाहिले पाहिजे.

दुसरा मुद्दा आपल्या मुलांचा आहे. नोकरी करून, शेतमजुरी करून, संसार सांभाळून दूरस्थ शिक्षणाने मानसशास्त्राची पदवी घेणारे विद्यार्थी खेड्यापाड्यांत पुष्कळ होते. ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्रासह आरोग्यसेवेशी निगडित अभ्यासक्रम दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने चालवू नयेत, असे विद्यापीठांना कळवले. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून नवे प्रवेश थांबले. रुग्णासमोर बसण्याचे शिक्षण पोस्टाने घेता येत नाही, हे आयोगाचे म्हणणे खरे आहे. परंतु त्याच वेळी तालुक्याच्या गावी नियमित वर्ग निघाले नाहीत, वसतिगृहे वाढली नाहीत, तर ज्याच्याकडे पैसा आहे त्याचीच मुले समुपदेशक होतील. मग रुग्ण एका समाजातील आणि समुपदेशक दुसऱ्याच समाजातील, अशी विभागणी होईल.

७. समुपदेशकाला समाज कळला पाहिजे

या विभागणीचे परिणाम गंभीर आहेत. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुला आणि मे २०१९ मध्ये मुंबईतील डॉ. पायल तडवी यांचे मृत्यू झाले. दोन्ही प्रकरणांत कुटुंबीयांनी जातीय छळाची तक्रार केली. असा छळ सोसणारा विद्यार्थी समुपदेशकाकडे गेला आणि त्याला 'तू फार मनाला लावून घेतोस, थोडे दुर्लक्ष कर' एवढाच सल्ला मिळाला, तर ते समुपदेशन नव्हे. जखम बाहेरून होत असताना केवळ मनाला मलम लावून भागत नाही. विद्यार्थ्याच्या मनाला आधार देणे आणि त्याच्या तक्रारीचा मार्ग त्याला दाखवणे, ही दोन्ही कामे समुपदेशकाची आहेत. म्हणून नोंदणीच्या अभ्यासक्रमात जात, लिंगभाव, दारिद्र्य यांचा अभ्यास अनिवार्य असावा, अशी मागणी आपण केली पाहिजे.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा प्रकरणात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक अर्हताप्राप्त समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, आणि लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संपर्क ठेवावा, असे त्यात आहे. खाजगी शिकवण्यांचाही त्यात समावेश आहे. हा निर्णय स्वागतार्ह होय. पण 'अर्हताप्राप्त' म्हणजे कोण, हे नोंदवहीशिवाय मुख्याध्यापकाने कसे ठरवायचे? ज्या शिक्षकाचे तास कमी आहेत त्याच्याच गळ्यात समुपदेशकाची माळ घालून कागद पूर्ण केला जाण्याचा धोका आहे. पालकांनी शाळेच्या सभेत हा प्रश्न जरूर विचारावा.

८. इतर देशांत काय आहे?

अमेरिकेत हा विषय प्रत्येक राज्याकडे आहे. व्हर्जिनिया राज्याने १९७६ मध्ये समुपदेशकांना परवाना देण्याचा पहिला कायदा केला आणि सर्वांत शेवटी २००९ मध्ये कॅलिफोर्नियाने. म्हणजे त्या देशालाही ३३ वर्षे लागली. इंग्लंडमध्ये मानसशास्त्रज्ञांच्या काही पदनामांना २००९ पासून कायद्याचे संरक्षण आहे, परंतु 'समुपदेशक' हा शब्द तेथेही मोकळाच राहिला असून व्यावसायिक संघटना स्वेच्छेने नोंदवह्या ठेवतात. तेव्हा केवळ आपणच मागे आहोत असे नव्हे. मात्र त्यांच्याकडे संघटनेची नोंदवही पाहून मगच जाण्याची सवय लोकांना लागत गेली. ती सवय आपण कायद्याची वाट न पाहता लावून घेऊ शकतो.

९. समुपदेशकाकडे जाताना काय विचारावे?

(१) आपले शिक्षण काय, ते कोणत्या विद्यापीठाचे, आणि प्रत्यक्ष रुग्णांबरोबर प्रशिक्षण कोठे झाले?

(२) आपली नोंदणी पुनर्वास परिषद, राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण किंवा राज्य संलग्न व आरोग्यसेवा परिषद यांपैकी कोठे आहे? क्रमांक काय? नोंदणी नसल्यास आपण कोणाच्या देखरेखीखाली काम करता?

(३) माझे बोलणे गुप्त राहील काय, आणि कोणत्या प्रसंगी ते सांगावे लागेल? बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. जिवाला धोका असल्यासही गोपनीयता सैल होते. प्रामाणिक समुपदेशक हे पहिल्याच भेटीत सांगतो.

(४) शुल्क किती, साधारण किती भेटी लागतील, आणि आवश्यकता पडल्यास कोणत्या मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवाल?

हे विचारण्यात उद्धटपणा नाही. जो समुपदेशक अशा प्रश्नांनी रागावतो, औषधाच्या गोळ्या स्वतः देतो, डॉक्टरांची औषधे बंद करावयास सांगतो, शंभर टक्के खात्री देतो किंवा घरच्यांपासून भेट लपवावयास लावून आगाऊ मोठी रक्कम मागतो, त्याच्याकडून उठून यावे.

१०. विद्यार्थ्यांना चार शब्द

या व्यवसायात येऊ इच्छिणाऱ्यांनी प्रवेश घेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात : अभ्यासक्रम नियमित वर्गाचा आहे काय, त्यात प्रत्यक्ष कामाचे तास आहेत काय, आणि त्या पदवीवर कोणत्या नोंदवहीत नाव लागते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हावयाचे असेल तर संस्थेला पुनर्वास परिषदेची मान्यता हवी. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, मानसिक आरोग्य परिचर्या हेही मानाचे मार्ग आहेत. पैशासाठी थांबू नये. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. संशोधनासाठी पुण्याच्या बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे. अटी दरवर्षी समाजकल्याण कार्यालयात पाहून घ्याव्यात. आठवड्या-दोन आठवड्यांचे वर्ग ज्ञान वाढवण्यासाठी अवश्य करावेत. त्यावर पाटी लावू नये.

करुणा ही या कामाची सुरुवात आहे, पण करुणेला प्रज्ञेची जोड नसेल तर हातून इजा होते. परीक्षा आणि नोंदणी यांनी प्रज्ञा तपासता येते. करुणा कोणत्याही परिषदेला तपासता येत नाही. ती ज्याची त्याने जपावी लागते.

११. संस्थांनी काय करावे?

आपल्यासारख्या कल्याणकारी संस्थांना तीन गोष्टी सहज करता येतील. पहिली, परिसरातील नोंदणीकृत तज्ज्ञांची यादी करून ती वाचनालयात व विहारात लावणे आणि वर्षातून एकदा तपासणे. दुसरी, गावातील शाळांनी समुपदेशक नेमला आहे काय व त्याची अर्हता काय, हे लेखी विचारणे. तिसरी, राज्य शासनाकडे निवेदन देणे, की नोंदवही मराठीत आणि सर्वांना पाहता येईल अशी असावी, नोंदणी शुल्क गरीब उमेदवारास परवडेल असे असावे, अनुभवी कार्यकर्त्यांना प्रशिक्षण घेऊन खालच्या पायरीवर येता यावे, आणि तक्रार जिल्ह्याच्या ठिकाणीच करता यावी.

सनद ही व्यवसायाची शोभा नव्हे. ती समोर बसलेल्या दुःखी माणसाला दिलेली हमी आहे. ती हमी आपल्या लोकांना मिळाली पाहिजे, आणि ती देण्यास पात्र अशी मुले आपल्या वस्त्यांतूनही निघाली पाहिजेत. या दोन्ही गोष्टींसाठी एकाच वेळी प्रयत्न करावे लागतील.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांच्या कामांतील फरक सांगा.

२. घटनेच्या कलम १९ मधील व्यवसायस्वातंत्र्य आणि व्यावसायिक अर्हतेची अट यांचा मेळ कसा बसतो?

३. १९९२, २०१७ आणि २०२१ या तीन कायद्यांखाली कोणाकोणाची नोंदणी होते? कोण बाहेर राहतो?

४. पदवी नसलेल्या पण प्रशिक्षित कार्यकर्त्यास समुपदेशनाचे काम करू द्यावे काय? कोणत्या अटींवर? गोवा व पुणे येथील उदाहरणे घेऊन चर्चा करा.

५. तुमच्या शाळेत वा महाविद्यालयात समुपदेशक आहे काय? त्याची अर्हता विचारून पुढील वर्गात माहिती सांगा.